भांडवल मागण्यापूर्वी बुधवार बाजार

नागपुरातील सक्करदरा भागात एका घरी गेले काही महिने माझे वारंवार जाणे होते. अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केलेल्या तीन तरुणांनी तेथे नवा उद्योग उभारण्याचे मनावर घेतले आहे. भाजीविक्रेत्यांना लहान शीतपेट्या रोजच्या भाड्याने द्यायच्या, म्हणजे सायंकाळी उरलेला माल मातीमोल भावाने विकावा लागणार नाही, अशी त्यांची योजना. गुंतवणूकदारांपुढे करावयाचे सादरीकरण, ज्याला हल्ली सर्रास ‘पिच’ म्हणतात, ते त्यांनी मला दाखविले. माझी हयात बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली, म्हणून हा मान मला मिळाला असावा.

एकंदर बावीस स्लाइड्स होत्या. इंग्रजी सफाईदार, चित्रे आकर्षक. आरंभीच साऱ्या देशातील भाजीपाल्याच्या उलाढालीचा अवाढव्य आकडा, आणि त्यातील केवळ एक टक्का आपल्या वाट्याला आला तरी किती कोटी होतील, याचे गणित. मी एकच प्रश्न विचारला, “सक्करदऱ्याचा बुधवार बाजार तुमच्या दारात भरतो. तेथील किती विक्रेत्यांशी बोललात?” तिघेही एकमेकांकडे पाहू लागले.

दोष या मुलांचा नाही. 16 जानेवारी 2016 रोजी केंद्र शासनाने ‘स्टार्टअप इंडिया’चा आरंभ केल्यापासून नवउद्योगाला प्रतिष्ठा लाभली, हे उत्तमच झाले. गुंतवणुकीच्या रकमेवर 2012 पासून लागू असलेला तथाकथित ‘एंजल टॅक्स’ही 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द करण्यात आला. वाट मोकळी होत आहे. परंतु सादरीकरण म्हणजे परक्या नमुन्याबरहुकूम भरावयाचा तक्ता, हा समजही त्याच वाटेने आत आला आहे.

भांडवल मागण्याची विद्या आपल्याकडे कालपरवा आली, असे निदान नागपूरकराने तरी मानू नये. जमशेटजी टाटांनी 1874 साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली, तेव्हा गिरणी काढावयाची ती मुंबईतच, असा धनिकांचा शिरस्ता होता. नागपूर का, याचे जमशेटजींचे उत्तर दोन वाक्यांत मावणारे होते. कापूस येथेच पिकतो, वरोऱ्याचा कोळसा आवाक्यात आहे. आगगाडी तर 1867 सालीच नागपूरला पोहोचली होती. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी भरून काढण्यास घेतली, तेव्हा येथील एका सावकाराने पैसे देण्याचे साफ नाकारले. हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याचे म्हणणे. 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. टाटांनी माती घातली आणि सोने काढले, अशी कबुली पुढे त्याच सावकाराने दिल्याचे सांगतात.

ती गिरणी आज नाही. तिच्या जागी मॉल उभा आहे. पण तिने मिळवून दिलेली पत फार काळ कामी आली. 1907 मध्ये पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या बाजाराने हात आखडता घेतला, तेव्हा सुमारे आठ हजार भारतीयांनी अवघ्या तीन आठवड्यांत भांडवल उभे केले. त्यात स्वदेशीच्या भावनेचा वाटा मोठा होता, हे निर्विवाद. तथापि त्या भावनेच्या पाठीशी तीस वर्षांचा चोख हिशेबही होता.

गुंतवणूकदार पाहतो ते हेच. ग्राहक कोण, आज तो आपली अडचण कशी भागवितो, एका पेटीला खर्च किती, रोजचे भाडे किती आणि किती दिवसांत ती आपली किंमत फेडील? मागितलेले पैसे नेमके कशावर आणि किती महिन्यांत खर्च होतील? तिघांतील एकाने मध्येच नोकरी धरली तर त्याच्या हिश्शाचे काय? हा शेवटचा प्रश्न मैत्रीच्या संकोचाने कोणी विचारत नाही आणि पुढे तोच कोर्टात विचारला जातो. कंपनीचे मूल्य फुगवून सांगण्याचा मोहही टाळलेला बरा. पुढच्या फेरीत ते मूल्य खाली आले, तर त्याचे उत्तर संस्थापकालाच द्यावे लागते. मी त्यांना आणखी एक सुचविले. सारे कथन आधी मराठीत, घरी आईपुढे करावे. जे तिला समजावता येत नाही, ते बहुधा आपल्यालाच उमगलेले नसते.

पुढच्या बुधवारी तिघे वही घेऊन बाजारात गेले. रात्री परतले ते काहीसे खट्टू होऊनच. बहुतेक विक्रेते आज येथे, तर उद्या दुसऱ्या बाजारात बसतात. पेटी ठेवणार कोठे, वाहणार कशी? रोजचे भाडे द्यायला बहुतेकांची तयारी नव्हती. मात्र एका पालेभाजीवाल्या काकूंनी सांगितले, “पेटी नको बाबा, रातच्याला माल ठेवायले जागा द्या, गड्डीमागं पैसे देतो.” आणखी काही जणांनी त्याला दुजोरा दिला.

आता पेट्यांऐवजी बाजाराजवळ एक लहान शीतगृह भाड्याने घेण्याचे घाटते आहे. स्लाइड्स बावीसवरून नऊवर आल्या आहेत. पहिल्या स्लाइडवर देशाच्या उलाढालीचा आकडा नाही. महिनाभर पैसे मोजून माल ठेवून पाहण्यास तयार झालेल्या अकरा विक्रेत्यांची यादी आहे.