नऊ ताटे आणि पस्तीस किलो

काटकसर हा शब्द मराठी मध्यमवर्गाचा फार लाडका आहे. महागाईचा पारा चढू लागला की गृहिणीला काटकसरीचे पाठ देण्याची अहमहमिका सुरू होते. कडधान्य आदल्या रात्री भिजत घालावे म्हणजे इंधन वाचते, भाजी मोसमातली घ्यावी, किराणा महिन्याचा एकदम भरावा, असे ते पाठ असतात. यांत चुकीचे काही नाही. ज्या घरांना हे शिकवण्याची गरज आहे असे सल्लागारांना वाटते, त्या घरांना मात्र ते कित्येक पिढ्यांपूर्वीच अवगत झालेले आहे. हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या, बांधावरची घोळ आणि तांदुळजा, शेवग्याचा पाला, मूठभर बेसनात घरभर पुरणारे पिठले हे पदार्थ कोणा आहारतज्ज्ञाने शोधून काढलेले नाहीत. ते टंचाईने शिकवलेले आहेत. भाकरीबरोबर पिठले खाल्ले की धान्यातील प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते, हे शास्त्राने पुढे सांगितले. चुलीला ते आधीपासून माहीत होते. राहता राहिला महिन्याचा एकदम भरलेला किराणा. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हाती महिन्याची रक्कम एकदम कधी येतच नाही. तो तेल शंभर ग्रॅमच्या मापाने घेतो, आणि सुट्या मापाने घेतलेली वस्तू नेहमीच महाग पडते.

तेव्हा प्रश्न शहाणपणाचा नसून बेरजेचा आहे. पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचे मोजमाप करताना हाच मार्ग धरला होता. माणसाला दिवसाकाठी २२५० उष्मांक मिळायचे तर किती खर्च येतो, हे पाहून त्यांनी १९६०–६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरडोई महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा आखली. त्या रेषेवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण गरिबीची चर्चा ताटापासून सुरू झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह अजूनही जुना झालेला नाही.

तीच रीत आज एखाद्या घराला लावून पाहावी. शेतमजुरीवर चालणारे नऊ जणांचे एक कुटुंब घ्या : वृद्ध आईबाप, कर्ता मुलगा व सून, त्यांची तीन मुले, घरी परतलेली विधवा बहीण आणि तिची मुलगी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०२२–२३ च्या आकड्यांनुसार ग्रामीण भारतात दरडोई धान्याचा खप महिन्याला सुमारे साडेनऊ किलो आहे. ज्या घरात डाळ, दूध, अंडी पुरेशी नाहीत तेथे पोट धान्यानेच भरावे लागते, म्हणून हा आकडा तेथे कमी होण्याचा संभव नाही. नऊ माणसांना या हिशोबाने ८५ किलो धान्य लागते. कुटुंब अंत्योदय योजनेतील, म्हणजे सरकारच्याच लेखी गरिबांतले गरीब असेल, तर रास्त भाव दुकानातून त्याला ३५ किलो मिळतात. महिन्याची तेरावी तारीख उजाडण्याच्या सुमारास डबा रिकामा होतो. उरलेले ५० किलो बाजारातून आणायचे. भाव किलोला ३५ रुपये धरला तरी साडेसतराशे रुपये नुसत्या धान्याला गेले. पूर्वी गरिबाचे म्हणून हिणवले गेलेले ज्वारीचे धान्य अलीकडे बहुधा गव्हाहून महाग असते, हा त्यातला आणखी एक उपहास.

डाळीचा हिशोब तर बहुतेक जण करतच नाहीत, कारण तो पचत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रौढाच्या दिवसाच्या ताटात सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, अथवा त्यांच्या बदली अंडी-मांस, सांगितलेले आहे. मुलांचे प्रमाण कमी धरले तरी या घराला महिन्याला १६ किलोंच्या आसपास डाळ हवी. किलोला १२० रुपये धरले तर एकोणीसशे रुपये होतात. २०१५ च्या सुमारास तूरडाळ दोनशे रुपयांवर गेली तेव्हा अशा घरांनी काय केले असेल, हे सांगायला नको. डाळ बंद होत नाही. वरण पातळ होते. तेल, मीठ-मिरची, चहा-साखर आणि सरपण अजून या यादीत यायचेच आहे.

आता या हिशोबातील खरी विसंगती. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याने लाभार्थ्यांचे दोन वर्ग केले. प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य. अंत्योदय कुटुंबांना मात्र माणसे न मोजता शिधापत्रिकेमागे सरसकट ३५ किलो. अंत्योदय योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली. तिच्या लाभार्थ्यांना मिळत होते त्यात घट होऊ नये, हा त्या तरतुदीमागील हेतू स्तुत्यच होता. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला किंवा तीन-चार माणसांच्या घराला त्याने आधार दिला. पण पाच आणि पस्तीस यांचा मेळ सात माणसांवर बसतो. आठवे माणूस घरात आले की पारडे उलटते. नऊ माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला ४५ किलो मिळतात, आणि त्याहून गरीब ठरवलेल्या नऊ माणसांच्या अंत्योदय कुटुंबाला ३५. म्हणजे माणशी चार किलोंहूनही कमी. अधिक गरीब म्हणून निवड झाल्याची ही शिक्षा महिन्याला दहा किलोंची आहे. बाजारभावाने ती वर्षाला चार हजारांवर जाते. २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य मोफत झाले, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते मोफतच राहील असे ठरले. पण धान्याचे माप तेच राहिले. एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात माणशी पाच किलो जादा धान्य दिले गेले तेव्हा अंत्योदय घरांतही डोकी मोजली गेली होती. मोजता येत नाही, अशी सबब म्हणून चालण्यासारखी नाही.

तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत काम करणाऱ्या कारकुनाला हे सारे पाठ असते. त्याच्याकडे येणारी माणसे मग कागदावर चुली वेगळ्या करतात, शिधापत्रिका विभक्त करून मागतात. विभक्त झालेल्या अर्ध्या घराला नवी अंत्योदय पत्रिका मिळणे दुरापास्त, कारण देशभरात अशी अडीच कोटीच कुटुंबे असावीत हे ठरलेले. आणि प्राधान्य वर्गात जागा हवी तर ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर तयार असते. तो इष्टांक अद्याप २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या समाजात सरकारी धान्यासाठी कुटुंब मोडल्याचे दाखवावे लागावे, यावर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

ही तूट शेवटी कोणाच्या ताटातून भरून निघते? कर्त्या पुरुषाच्या नाही. तो कामावर जातो. मुलांच्याही शक्यतो नाही. शाळेत पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम आणि पुढे आठवीपर्यंत १५० ग्रॅम धान्याचे शिजवलेले जेवण मिळते. सोमवारी पंगतीला पहिल्या धडाक्यात बसणारी मुले कोणती, हे शिक्षकांना न सांगताही कळते. सर्वांत शेवटी जेवायला बसते ती सून. भांड्यात जे उरेल ते तिचे. काटकसरीची जी तारीफ होते ती पुष्कळदा या एका ताटाची काटकसर असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या; त्याआधीच्या, २०१५–१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. पाच वर्षांखालील मुलांत वयाच्या मानाने उंची खुंटलेली ३५.२ टक्के. कारणे अर्थातच अनेक आहेत, पण शेवटच्या पंगतीचे कारण वगळून हे आकडे वाचता येणार नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या स्वयंपाकघरातला हिशोब सरकारदरबारी मांडण्यासाठीच.

मोठे कुटुंब ही ज्याची त्याची करणी, त्याचा भार सरकारने का वाहावा, असा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकीत हटकून निघतो. तो जुन्या माहितीवर आधारलेला आहे. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात स्त्रीमागे जननप्रमाण १.७ पर्यंत खाली आले आहे. आजचे नऊ माणसांचे घर बहुधा सात मुलांचे नसते. ते म्हातारे आईबाप आणि निराधार बहीण यांना न टाकणाऱ्याचे असते. ज्यांचा भार अन्यथा सरकारवर पडला असता, त्यांना हे घर पोसत असते.

उपाय फार मोठा नाही. ३५ किलो ही किमान मर्यादा कायम ठेवावी, म्हणजे लहान घरांचे नुकसान होणार नाही. आणि सातांहून अधिक माणसे असलेल्या अंत्योदय घरांना पुढील प्रत्येक माणसामागे पाच किलो द्यावे. यासाठी कायद्याच्या तिसऱ्या कलमात थोडी दुरुस्ती लागेल. ती होईपर्यंत राज्याने फरकाचे धान्य स्वतःच्या तिजोरीतून द्यायला कोणाची आडकाठी नाही. ‘आनंदाचा शिधा’ म्हणून २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल देण्याइतका उत्साह राज्याने दाखवला होता. त्यातली चणाडाळ सणापुरती न राहता दरमहा मिळाली तर शेवटच्या ताटापर्यंत काही पोचण्याची शक्यता वाढेल. २०२७ च्या जनगणनेची वाट पाहण्याचेही येथे कारण नाही. अंत्योदय पत्रिकांवरील प्रत्येक माणसाचे नाव दुकानातील अंगठ्याच्या यंत्राला आजही माहीत आहे.