वीज महाग, तीही बेभरवशाची: छोट्या व्यावसायिकाने आधी काय करावं?

लाइट गेली की पिठाची गिरणी थांबते, झेरॉक्सचं दुकान थांबतं, यंत्रमाग थांबतो. दुकानाचं भाडं, कामगारांची मजुरी आणि वीजबिलातला स्थिर आकार मात्र थांबत नाही. मोठा कारखाना स्वतःची सोय करू शकतो. छोट्याकडे पैसे मोजकेच असतात, त्यामुळे ते आधी कुठे घालायचे हाच खरा प्रश्न आहे.

जनरेटर हा उपाय आहे का?

अडचणीच्या वेळेपुरता. लहान जनरेटर एक लिटर डिझेलमध्ये साधारण 3 ते 3.5 युनिट वीज देतो. डिझेल 90 रुपये लिटर धरलं, तर एक युनिट 25 ते 30 रुपयांना पडतं. देखभाल वेगळी. आता तुमच्या बिलाच्या एकूण रकमेला वापरलेल्या युनिटने भागा आणि तुलना करा.

बिलात पैसे कुठे गळतात?

अनेक औद्योगिक जोडण्यांचं बिल आता 'केव्हीएएच'वर येतं. म्हणजे पॉवर फॅक्टर कमी असेल, तर न वापरलेल्या विजेचेही पैसे जातात. 800 युनिटच्या कामाला पॉवर फॅक्टर 0.80 असेल तर बिल 1,000 युनिटचं येतं, 0.98 असेल तर सुमारे 816 चं. योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवला की हा फरक वाचतो. करार मागणी गरजेपेक्षा जास्त आहे का, तेही तपासा.

वेळेचा खेळ काय आहे?

केंद्राने 2023 मध्ये वीज ग्राहक हक्क नियम बदलले. त्यानुसार सौर तासांत दर किमान 20 टक्के कमी आणि जास्त मागणीच्या वेळी व्यावसायिक, औद्योगिक ग्राहकांना किमान 1.2 पट. महाराष्ट्रात सवलतीचे तास सकाळी 9 ते संध्याकाळी 5 आहेत. गिरणी, वेल्डिंग, पाण्याचा पंप दिवसा चालवता येतो. पण खानावळीचं गिऱ्हाईक रात्रीच येतं. म्हणजे ज्याला कामाची वेळ बदलता येते त्याला फायदा, ज्याला येत नाही त्याला भुर्दंड. या धोरणातली ही खरी अडचण आहे.

मग सोलर?

दिवसा चालणाऱ्या धंद्याला फायद्याचं. एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे 4 युनिट देतं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. 'पीएम सूर्यघर'चं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, दुकानासाठी नाही. आणि बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी ते तसंच बनवलेलं असतं. ते बिल कमी करतं, बॅकअप देत नाही.

बॅकअप किती घ्यावा?

सगळ्या दुकानाला नको. बिलिंगचा संगणक, दिवे, पंखे यांना इन्व्हर्टर पुरतो. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. आधी वापर कमी केला की बॅटरीही लहान लागते.

आणि महावितरणची जबाबदारी?

ती आहेच. लाइट गेली की 1912 वर तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा, तारीख आणि वेळ वहीत लिहा. ठरलेल्या मुदतीत पुरवठा सुरू झाला नाही, तर भरपाईची तरतूद नियमांत आहे. दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि पुढे विद्युत लोकपाल आहेत. एकट्याची तक्रार फाइलमध्ये पडून राहू शकते. एकाच फीडरवरच्या वीस दुकानांच्या नोंदी टाळणं अवघड असतं.