एकसष्ट दिवस आणि वीस बैठका

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते. त्याआधीच्या या आठवड्यात मिरकरवाडा या मासेमारी बंदराच्या जेटीवर इंजिने तपासली जात असतात, जाळ्यांची डागडुजी उरकली जात असते आणि गावी गेलेले खलाशी परतू लागलेले असतात. नेमक्या याच वेळी शस्त्रक्रियेवाचून मणका मोकळा करण्याचे आश्वासन देणारी पत्रके पुन्हा हाती पडावीत आणि त्यांत पावसाळ्यात बरे झालेल्या रुग्णांचे दाखले असावेत, हे खटकणारे आहे. त्या रुग्णांची वेदना खरी होती आणि तिला पडलेला उतारही खरा आहे. वाद आहे तो त्या उताराचे श्रेय कोणाला द्यावयाचे याविषयी.

या उपचाराचे नाव 'डीकम्प्रेशन', म्हणजे दाब उतरवणे. दोन मणक्यांच्या मध्ये असणारी चकती, जिला बोलीत गादी म्हणतात, ती बाहेरून तंतुमय कड्यांची आणि आत पाणीदार गराची असते. कडे फाटून गर मागे सरकला आणि पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला भिडला, म्हणजे कमरेपासून पोटरीपर्यंत कळ उतरते आणि तिलाच सायटिका म्हणतात. उपचारात रुग्णाला दुभंगून सरकणाऱ्या टेबलावर निजवतात, छातीला व कमरेला पट्टे बांधतात आणि संगणकाच्या नियंत्रणाखाली कमरेखालचा भाग थोडा वेळ ओढून थोडा वेळ सैल सोडतात. अशा सुमारे वीस बैठका पाच-सहा आठवड्यांत होतात. ओढीने चकतीतील दाब उतरतो, सरकलेला गर आत परततो आणि चकतीला पाणी व पोषण मिळते, असा त्यामागचा दावा आहे.

हा दावा मराठी रुग्णापर्यंत पोचतानाच एक घोटाळा होतो. चकती झिजल्यावर मणक्यांमधील अंतर कमी होते, पण घरोघरी त्याला 'मणक्यात गॅप आला' असे म्हणतात; जी फट बुजत चालली आहे, तिलाच फट पडल्याचे नाव मिळाले आहे. परिणामी मणके एकमेकांपासून दूर ओढणारे यंत्र 'गॅप भरून काढणारे' म्हणून स्वीकारले जाते आणि आपल्या पाठीत नेमके काय बिघडले आहे हे समजण्यापूर्वीच रुग्ण संपूर्ण बैठकांचे पैसे भरून मोकळा होतो. बैठका सुरू करण्यापूर्वी ही एवढी गोष्ट चित्र काढून समजावून सांगणे हे उपचार करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

यंत्र नवे असले तरी ओढ, म्हणजे ट्रॅक्शन, जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांतही पाठ ताणण्याच्या फळीचे वर्णन आहे, आणि आपल्याकडे एका पिढीपूर्वी खाटेच्या पायथ्याशी कप्पी लावून, दोरीला वजने टांगून 'कमरेला वजन लावण्याची' पद्धत सर्वांच्या परिचयाची होती. साध्या खाटेवर शरीराच्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी ओढ घर्षणातच खर्ची पडते, दुभंगणाऱ्या टेबलावर ती वाचते, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. मात्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही यंत्रे विद्युत ट्रॅक्शनच्याच वर्गात, आधीच्या यंत्रांशी समतुल्य म्हणून, बाजारात येऊ दिली. १९९४ मध्ये रामोस व मार्टिन यांनी चकतीत नळी घालून दाब मोजला, तेव्हा ओढ चालू असताना तो उणे १०० मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली गेला. पण ती मोजणी मोजक्या रुग्णांवरची आणि टेबलावर निजलेल्या पाठीची होती. निजलेली पाठ उठून कामाला लागल्यावर काय होते, याचे उत्तर रुग्णांच्या तुलनात्मक चाचण्यांतूनच मिळू शकते. कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात अशा ३२ चाचण्या आणि २७६२ रुग्ण तपासले गेले, आणि ट्रॅक्शनने कंबरदुखीत वेदना, हालचाल वा कामावर परतणे यांत फारसा फरक पडत नाही असा निष्कर्ष निघाला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये ट्रॅक्शन न वापरण्याचाच सल्ला दिला. नव्या यंत्राची ओढ वेगळी आहे असे म्हणणाऱ्यांनी तो वेगळेपणा चाचण्यांत दाखवला पाहिजे. पत्रकातील दाखले त्यासाठी पुरेसे नाहीत.

ते का पुरेसे नाहीत, हे मिरकरवाड्याच्या दिनदर्शिकेइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हंगामभर जाळी ओढणाऱ्या आणि बर्फ व मासळी वाहणाऱ्या माणसाची पाठ मे महिन्याच्या अखेरीस सर्वांत जास्त दुखावलेली असते, आणि सवड व हंगामाचा हिशेब दोन्ही हाती आल्यामुळे तो उपचारालाही जूनमध्येच जातो. वीस बैठका जुलैच्या मध्यापर्यंत संपतात, कळ ओसरते आणि यश यंत्राच्या नावावर जमा होते. परंतु त्याच सहा आठवड्यांत त्याने एकही क्रेट जमिनीवरून उचललेला नसतो आणि बहुतेक सायटिका याच मुदतीत, कोणत्याही यंत्रावाचून, उतरणीला लागत असते. सरकलेला गर अनेक रुग्णांत शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. वेदना कळसाला असताना सुरू केलेला आणि भार उतरलेल्या काळात चालवलेला कोणताही उपचार गुणकारी भासणारच. खरी कसोटी पाहावयाची तर या बैठका १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या पर्ससीन म्हणजे घेऱ्याच्या जाळ्याच्या हंगामात, दोराचा काही भार विंचने घेतला तरी जाळ्याचा घेर शेवटी माणसांच्या हातांनीच नौकेत येतो त्या दिवसांत, घ्याव्या लागतील, आणि तेव्हा त्या घेण्याची सवड कोणाही खलाशाला नसते. बंदीचे हे दिवस अंथरुणात पडून काढण्याचे नसतात. माणूस चालतो, जाळी दुरुस्त करतो, घर शाकारतो, आणि हलते राहून जड ओझे टाळण्याची जी पथ्ये आजचे वैद्यक सांगते, ती बंदीने त्याच्याकडून आपसूक पाळून घेतलेली असतात.

केवळ भार हटवल्याने चकती सुधारते असेही नाही. अंतराळात गुरुत्वाकर्षणाचा भार जवळजवळ नाहीसा होतो, अंतराळवीरांची उंची वाढते, तरीही त्यांतील अनेकांची पाठ दुखते आणि परतल्यावर त्यांच्यात चकती सरकण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले आहे.

मानेबाबत निवाडा इतका कठोर करता येत नाही. मानेतून हातात कळ उतरणाऱ्या ८६ रुग्णांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत व्यायामाला यांत्रिक ओढीची जोड दिल्याने अधिक लाभ दिसला. डोक्यावर टोपली वाहणाऱ्या मासेविक्रेत्या स्त्रियांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, मात्र येथेही व्यायाम हाच पाया होता. हाडे ठिसूळ झालेल्या, गर्भवती, तसेच मणक्यात गाठ, जंतुसंसर्ग वा अस्थिभंग असलेल्या रुग्णांना ओढ देऊ नये, आणि ओढ चालू असताना चकती अचानक अधिक बाहेर आल्याची नोंदही वैद्यकीय साहित्यात आहे. पाऊल लुळे पडणे, मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे, लघवी वा शौचावरील ताबा जाणे, यांपैकी काहीही घडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. तेथे बैठकांना जागा नाही.

पाठीचा प्रश्न अखेर क्रेटच्या वजनाचा आणि तो उचलण्याच्या उंचीचा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि पुढे वाशीच्या बाजारात ५० किलोपेक्षा जड गोणी न उचलण्याची भूमिका माथाडी कामगारांनी घेतली. त्या एका आकड्याने जितक्या पाठी वाचवल्या असतील, तितक्या राज्यातील सगळ्या टेबलांनी मिळून वाचवल्या नसाव्यात. मासळीच्या जेटीवर असा आकडा अजून कोणी उच्चारत नाही. १९९९ मध्ये हान्स-योआखिम विल्के व सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीतील दाब मोजला, तेव्हा नुसते उभे असताना तो ०.५ मेगापास्कल, पाठ वाकवून २० किलोचा खोका जमिनीवरून उचलताना २.३ आणि तोच खोका अंगालगत धरून उभे असताना १.१ भरला. लिलावाची मासळी जमिनीवर ओतण्याऐवजी कमरेइतक्या उंच ओट्यावर ठेवली, तर वाकून उचलण्याचा हा सर्वांत जड क्षण जेटीवरून बराचसा टळतो, आणि असा ओटा गवंड्याला १ ऑगस्टच्या आत बांधता येतो.