समन्स कुणाच्या दारावर चिकटवायचं?

मित्रांनो, एक साधा प्रश्न. आमच्या तारोडीत उद्या कुणी अनोळखी माणूस मतदारांना पैसे वाटताना सापडला, तर काय होईल? गावच त्याला धरेल, पोलीस येतील, केस उभी राहील. पण तोच माणूस सातासमुद्रापार बसून, खोट्या नावाने आपल्या मोबाईलमध्ये विष कालवत असेल तर?

कायदा नाही, असं मुळीच नाही. आयटी ॲक्टचं कलम ७५ म्हणतं की गुन्हेगार परदेशी असो, परदेशात बसलेला असो, गुन्ह्यात भारतातला कॉम्प्युटर आला की हा कायदा लागू. म्हणजे कागदावर कायद्याचे हात भलतेच लांब! प्रत्यक्षात काय होतं ते बघा.

२०१९ मध्ये बांगलादेशचा अभिनेता फिरदौस अहमद पश्चिम बंगालमध्ये प्रचार करताना दिसला. लगेच व्हिसा रद्द, 'देश सोडा'ची नोटीस आणि काळ्या यादीत नाव. आता केंब्रिज ॲनालिटिका घ्या. भारतात ते ॲप घेतलं फक्त ३३५ जणांनी, पण माहिती गेली असावी सुमारे ५ लाख ६२ हजार जणांची, असं फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितलं. कारण सोपं आहे. 'अलाऊ' एकाने दाबलं की त्याच्या मित्रांचीही माहिती ॲपला मिळायची. सीबीआयने गुन्हा नोंदवला जानेवारी २०२१ मध्ये. कंपनीने गाशा गुंडाळला होता मे २०१८ मध्येच! उघडपणे गाडीवर उभा राहिला तो सापडला, पडद्याआडचे मात्र केव्हाच पसार.

अमेरिकेचंही फार वेगळं नाही. २०१८ मध्ये तिथे १३ रशियन व्यक्ती आणि ३ कंपन्यांवर आरोपपत्र दाखल झालं. त्या तेरापैकी एकही जण खटल्याला उभा राहिला नाही. एका कंपनीने वकील पाठवला, तर २०२० मध्ये सरकारनेच तिच्यावरचे आरोप मागे घेतले.

मग आरोपपत्र म्हणजे नुसता फार्स का? मला तसं वाटत नाही. त्यातून कोण, कुठून, कसं हे पुराव्यानिशी जगासमोर येतं. नाहीतर 'परकीय हात' हा शब्द कुठल्याही नावडत्या माणसाला चिकटवायला फार सोयीचा आहे. आरोप करायचा तर पुरावा कोर्टात मांडा, एवढीच माझी मागणी.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखवताना घरातही डोकावूया. २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने भाजप आणि काँग्रेस या दोघांनाही परदेशी देणग्यांच्या प्रकरणात दोषी धरलं. पुढे काय झालं? २०१६ आणि २०१८ च्या फायनान्स ॲक्टमधून कायद्याची व्याख्याच मागच्या तारखेपासून बदलली, थेट ऑगस्ट १९७६ पासून! कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कुणी करायची?

मला वाटतं, परदेशातला माणूस हाती लागो न लागो, त्याला इथून पैसा, डेटा आणि सिमकार्ड पुरवणारा तर आपल्या हद्दीत असतो ना? आधी त्याला धरा. प्लॅटफॉर्म कंपन्यांनाही जाब विचारा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी एक इस्रायली फर्म एआय वापरून भारताबद्दल राजकीय कमेंट्स तयार करत होती. २४ तासांच्या आत ते थांबवलं ओपनएआयने. ना पोलिसांनी, ना कोर्टाने. कंपनीने मनावर घेतलं म्हणून हे झालं. पण लोकशाही कंपनीच्या मर्जीवर सोडायची का?

शेवटी, ही टूल्स उद्या लिहिणार कोण? आपणच! कॅम्पसला येणारी एखादी कंपनी असंच काम देईल, पॅकेजही तगडं असेल. तेव्हा 'मी फक्त कोड लिहिला' असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात मतदार ओळखपत्र नुकतंच आलंय. त्याची किंमत ठेवायची असेल, तर अशा ऑफरला 'नाही' म्हणायला आत्तापासूनच शिकूया.