वडिलांच्या नावाची रिकामी जागा : हेमिंग्ज घराण्याचा शोध

१/ वंशावळ शोधताना अस्सल कागदाला पहिला मान दिला जातो आणि ते योग्यच आहे. मात्र तो कागद कोणी व कशासाठी लिहिला, हे विचारल्याशिवाय त्याच्या मौनाचा अर्थ लावता येत नाही. अमेरिकेच्या आरंभीच्या पिढ्यांचा शोध हेच शिकवतो.

२/ १७९० च्या पहिल्या अमेरिकी जनगणनेत कुटुंबप्रमुखाचे नाव नोंदवले गेले. गुलामांची केवळ संख्या. १८५० आणि १८६० च्या तक्त्यांतही मालकाच्या नावाखाली बहुधा वय, लिंग व वर्ण एवढेच आढळते. त्यामुळे असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांचा माग १८७० च्या जनगणनेपाशी अडतो.

३/ व्हर्जिनियातील माँटिसेलो येथील हेमिंग्ज घराण्याचे तसे नव्हते. तेथील मालक थॉमस जेफरसन याने आपल्या शेतीवहीत सॅली हेमिंग्जच्या मुलांचे जन्म नोंदवले. वडिलांचे नाव मात्र लिहिले नाही.

४/ १८७३ साली सॅलीचा मुलगा मॅडिसन याने ओहायोतील एका वृत्तपत्राला आपली कुळकथा सांगितली : आफ्रिकी पणजी, आजी एलिझाबेथ, आई सॅली; आणि वडील थॉमस जेफरसन.

५/ जेफरसनच्या नातवंडांनी वेगळेच सांगितले. त्यांच्या मते सॅलीच्या मुलांचे पितृत्व जेफरसनच्या कार आडनावाच्या भाच्यांकडे जात होते. दोन्ही कथा तोंडीच होत्या. तरीही बहुतेक इतिहासकारांनी दीर्घकाळ एकीला साक्ष मानले आणि दुसरीला वावडी.

६/ अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ साली या दुटप्पी मापावर नेमके बोट ठेवले. पुढच्याच वर्षी डीएनए चाचणीत सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचे वाय-गुणसूत्र जेफरसन घराण्याशी जुळले. कार घराण्याशी जुळले नाही.

७/ विज्ञानाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ही चाचणी घराणे दाखवते, व्यक्ती नव्हे. सॅलीच्या प्रत्येक गर्भधारणेच्या काळात जेफरसन माँटिसेलोतच होता, हे कागदांवरून दिसते. या पुराव्यांच्या जोडीने मॅडिसनचे कथन बळकट झाले. उलट, जेफरसनपासून वंश सांगणाऱ्या वुडसन कुटुंबाच्या परंपरेला त्याच चाचणीत दुजोरा मिळाला नाही.

८/ म्हणजे तोंडी परंपरा डोळे झाकून स्वीकारावी, असे नव्हे. तिची परीक्षा व्हावी, पण मालकाच्या नातवाची आणि गुलामाच्या मुलाची साक्ष एकाच तराजूत तोलली जावी. मॅडिसन १८७७ साली मरण पावला. त्याचे म्हणणे गांभीर्याने तपासले जायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि हा विलंब पुराव्याच्या अभावापेक्षा इतिहासकारांच्या पूर्वग्रहामुळे अधिक झाला.