आधी उंट बांधा

महामार्गावर एखादा तरुण मुलगा गाडीसकट उलटून गेला, की मय्यतीला जमलेली माणसं दोनच गोष्टी बोलतात. 'मौत लिखी थी' आणि 'पोरगा गाडी चालवण्यात उस्ताद होता'. वेग किती होता, टायर कसे होते, पट्टा लावला होता का, हे विचारणारा तिथे बेअदब ठरतो. ती बेअदबी मी आज करणार आहे.

आधी उस्तादीबद्दल. 'हातात कसब असेल तर इलेक्ट्रॉनिक चोचले कशाला?' असं म्हणणाऱ्यांनी ईएससी म्हणजे काय ते समजून घ्यावं. स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चाललीय, यातला फरक ही यंत्रणा सतत मोजते. गाडी घसरू लागली, की गरजेप्रमाणे एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करते. आपल्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच असतं. त्यामुळे एकाच चाकाला वेगळा ब्रेक लावणं कुठल्याही उस्तादाला जमणार नाही. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास उलटली. रस्त्यात अचानक जनावर आलं तर चालक जशी गाडी वळवेल, तशी ती वळवली होती. अखेर कंपनीला सस्पेन्शन बदलून ही यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवावी लागली.

आता दुसरी जमात. 'गाडीत सगळं आहे, दाब अजून!' अरे बाबा, यंत्रणा रस्त्यावरची पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वापरते. गुळगुळीत टायर आणि ओला रस्ता असेल तर ती तरी काय करणार? वेग दुप्पट केला, की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जवळपास चौपट अंतर लागतं. हा हिशोब कुठल्याही बटणाने बदलत नाही.

आणि आपण खरेदीदार? युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ईएससी सक्तीचं आहे. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं महागड्या मॉडेलपुरतं राहिलं, कारण शोरूममध्ये आपण सनरूफबद्दल विचारतो, ब्रेकबद्दल नाही. स्वस्त गाडी घेणाऱ्याचा जीव स्वस्त असतो का?

राहिली तकदीर. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असं एकाने पैगंबरांना (स.) विचारलं होतं. आधी बांध, मग भरवसा ठेव, असं उत्तर मिळालं. तिरमिजीतली ही हदीस आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मागच्या सीटवरचा पट्टा, टायरची नक्षी, काट्यावरचा वेग, हे सगळं त्या उंटाचं दावं आहे. ते स्वतःच्या हाताने सोडायचं आणि मग अल्लाहची मर्जी म्हणायचं, याला तवक्कुल म्हणत नाहीत. आपली चूक अल्लाहच्या नावावर खपवणं म्हणतात.