नाव छोटं, अर्थ मोठा!

दादाला मुलगी झाली आणि अस्मादिक आत्या झाले! आत्या म्हणजे बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा आणि त्याबद्दल पाठीत बुक्के खायचा हक्क. पण दादा-वहिनीने आधीच अट घातली. नाव दोन अक्षरी हवं, 'युनिक' हवं आणि उद्या परदेशात गेली तर कोणाची जीभ अडखळायला नको. झालं! सबमिशन बाजूला ठेवून मी जगभरची छोटी नावं शोधायला बसले.

आणि मित्रांनो, खजिनाच सापडला! जपानमध्ये मुलीचं नाव चक्क 'आई' असतं. अर्थ काय, तर प्रेम. (हे आपल्याला वेगळं सांगायला नको!) तेच नाव दुसऱ्या चित्राक्षराने लिहिलं की अर्थ होतो निळीचा रंग. व्हिएतनाममध्ये 'माई' म्हणजे नववर्षाच्या सणाला फुलणारं पिवळं फूल. हवाई बेटांवर 'काई' म्हणजे समुद्र. नायजेरियातल्या इग्बो लोकांत 'अडा' म्हणजे थोरली लेक. घानामध्ये तर जन्माचा वारच नाव होतो. शुक्रवारी जन्मला तो 'कोफी', म्हणजे आपले संयुक्त राष्ट्रांचे कोफी अन्नान! हिब्रूतलं 'नोआ' म्हणजे हालचाल. बायबलमधली ही नोआ आणि तिच्या चार बहिणी वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागायला थेट मोझेससमोर उभ्या राहिल्या, आणि तो मिळवलाही.

आता गंमत बघा. ही नावं कोणी अक्षरं मोजून ठेवलेली नाहीत. समुद्र, फूल, थोरली लेक हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. हाक मारली की अर्थ आपोआप कळतो. आपण मात्र आधी अक्षरं मोजतो, मग स्पेलिंग बघतो आणि शेवटी कुठूनतरी अर्थ आणून चिकटवतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आधी ग्राफ काढायचा आणि मग त्यावरून रीडिंग भरायची, तसलाच हा प्रकार!

कोणी म्हणेल, अर्थाला काय चाटायचंय? नाव म्हणजे नुसतं लेबल. तसं असतं तर २०११ साली साताऱ्यात २८० हून अधिक मुलींची नावं बदलायचा कार्यक्रम करावा लागला नसता. त्या सगळ्यांचं नाव एकच होतं, 'नकुशी', म्हणजे नको असलेली. नाव छोटं, उच्चारायला सोपं आणि अर्थ गावात सगळ्यांना कळणारा. शाळेत रोज हजेरीला ते ऐकताना त्या पोरींना काय वाटत असेल?

उलट आइसलँडची ब्लाएर बघा. नावाचा अर्थ, मंद झुळूक. हे नाव मुलीचं होऊ शकत नाही म्हणून तिकडच्या नाव-समितीने नाकारलं, आणि सरकारी कागदांवर ती नुसती 'मुलगी' म्हणून वाढली. शेवटी २०१३ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिने कोर्टात जाऊन स्वतःचं नाव मिळवलं. एवढ्याशा नावासाठी एवढा खटाटोप!

माझा छोट्या नावांना विरोध नाही. इरा, उमा, जुई, रमा ही आपलीही दोन अक्षरीच नावं आहेत. माझं म्हणणं इतकंच, की परदेशातल्या कोणा अनोळखी माणसाच्या जिभेची काळजी नंतर करू. आधी घरातल्या आजीला ते नाव घेता यावं, आणि पोरीने मोठं झाल्यावर "माझं नाव हेच का ठेवलं?" असं विचारलं, तर "छोटं होतं म्हणून" यापेक्षा बरं उत्तर आपल्याकडे असावं. तेवढं नसेल तर आत्या म्हणून बुक्के खायची माझी तयारी नाही!

आणि होस्टेलकरांनो, आपणही काही कमी नाही. ज्ञानेश्वरचा 'डीजे' आणि मृण्मयीची 'मृ' पहिल्या सेमिस्टरलाच होते. तेव्हा आज मेसमध्ये शेजारच्याला त्याचं पूर्ण नाव विचारा, अर्थही विचारा. चार वर्षं एका ताटात जेवायचं, तर एवढं तरी माहीत हवं ना?